प्रश्नचिन्हांची प्रश्नपत्रिका

नम्रता मला तीन वेळा सांगून गेली की फाइल बिघडलेली आहे, आणि तिन्ही वेळा मी तिला सांगितलं की फाइल अगदी चांगली आहे. मला डोळ्यांनी दिसत होती ना! ठळक मथळे, नीट परिच्छेद, एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही. पहिल्या दोन वेळा मी गोडीनं बोलले. तिसऱ्या वेळी वार्षिक अहवालाचं काम डोक्यावर होतं. मी म्हटलं, "नम्रता, अभ्यास करायचा नसेल तर तसं सांग."

ती भिंतीला बोटं लावत आपल्या खोलीकडे निघून गेली. ते वाक्य मला अजून टोचतं, म्हणून आधी तेच सांगून मोकळी झाले.

नम्रता पिलणकर आमच्या रत्नागिरीच्या कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर होती. मिरकरवाड्याची मुलगी. वडील दुसऱ्याचा ट्रॉलर चालवणारे तांडेल, आई चिमाबाई बंदरावर मासळी विकते. सहावीत असताना तिला फळ्यावरचं दिसेनासं झालं आणि दहावीपर्यंत उरलंसुरलं सगळंच गेलं. डोळ्याचा पडदा सुकत जायचा आजार, त्यावर औषध नाही. पुढे ती ब्रेल शिकली, मुंबईला राहून ऑपरेटरचा कोर्स केला आणि तेविसाव्या वर्षी आमच्याकडे बोर्डावर बसली. आठ वर्षं तिनं तो बोर्ड सांभाळला.

पण मोबाइल आल्यावर बोर्डावरून फोन जोडून घ्यायची गरज कोणाला उरणार? दिवसाकाठी चार-पाच फोन यायचे. अखेर पत्र आलं. एकतीस मार्चला बोर्ड बंद. ऑपरेटरनं खात्याची लिपिकाची परीक्षा पास व्हायची, नाहीतर जिथे जागा असेल तिथे समायोजन. म्हणजे कुठे, ते पत्रात नव्हतं. ठाणं असेल, नागपूर असेल. आदल्या वर्षी ती सहा गुणांनी राहिली होती, कारण नियमांचं पुस्तक तिला कोणीतरी वाचून दाखवावं लागायचं आणि ज्याला वेळ असेल तो वाचायचा. बऱ्याचदा कोणालाच वेळ नसायचा. यंदाची संधी शेवटची होती.

यंदा मात्र तिच्या संगणकावर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम बसवून मिळाला. वर्तमानपत्राच्या साइट, मेल, सगळं ती भराभर ऐकायची. मी मुख्य कार्यालयातून नियमांच्या पुस्तकाची फाइल मागवली, तिच्या संगणकावर टाकली आणि आपण मोठं काम केलं अशा समाधानात राहिले. तिथूनच ती तक्रार सुरू झाली.

मी तिला तोडून बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. हातात तिचे कानाला लावायचे हेडफोन होते.

"ताई, तुम्ही एकदा माझ्या खोलीत या. ऐका. मग काय बोलायचं ते बोला."

मी गेले. तिनं फाइल लावली. कानात एक सपाट आवाज बोलू लागला, "एच, डॉलर, एम. आय ग्रेव्ह. एम, सेक्शन. एम, आर." पुढची ओळ तशीच. त्याच्या पुढची तशीच. समोर पडद्यावर मात्र स्वच्छ मराठी! मी एकदा पडद्याकडे बघत होते, एकदा तिच्याकडे.

"हे मशीन बिघडलंय का गं?"

"मग पेपर कसा नीट वाचतं?" ती म्हणाली. "एक करा. यातला एक परिच्छेद उचला आणि साध्या नोटपॅडमध्ये टाका. वर्डमध्ये नको."

मी तसं केलं. परिच्छेद नोटपॅडमध्ये पडला आणि मराठी नाहीशी झाली. नुसती इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस, उलटे स्वल्पविराम.

"काय दिसतंय, ताई?"

"तू ऐकतेस तेच."

तिनं मोठा श्वास सोडला. रागावेल असं मला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "बरं झालं. मला वाटायला लागलं होतं, माझंच काहीतरी चुकतंय." आणि मग लगेच, "परीक्षेला अडतीस दिवस राहिलेत."

फाइल कोणी बनवली हे शोधायला तिनंच सांगितलं. छापील पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात अक्षरजुळणी करणाऱ्याचं नाव होतं, सखाराम आंब्रे, देवरूख. फोन लावला. ते म्हणाले, "फोनवर नाय समजायचं. या इकडे."

त्या रविवारी आम्ही निघालो. हमरस्त्याचं काम चालू, एसटीत धूळच धूळ. संगमेश्वरला गाडी बदलली. नम्रता सगळा वेळ मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसली होती. तिचा लॅपटॉप त्यात होता. पुन्हा पुन्हा विचारत होती, "ताई, त्यांना नाही जमलं तर?" मी खिडकीतून काजूला आलेला मोहर बघत होते.

आंब्रे साठीचे गृहस्थ. स्टँडच्या मागे त्यांचं दुकान, लग्नपत्रिका नि ग्रामपंचायतीचे फॉर्म छापतात. आधी ते जरा तिरकेच बोलले. "तीस वर्षं हेच काम करतो. कोणाची तक्रार नाय आली. दिसतंय ना नीट?"

"तुम्हाला दिसतंय, काका," नम्रता म्हणाली आणि तिनं आवाज मोठा करून फाइल लावली.

आंब्रे ऐकत राहिले. एच, डॉलर, एम. त्यांची बोटं टेबलावर आपोआप हलू लागली. मग त्यांनी चष्मा काढला. "अरे देवा. ही तर मी दाबलेली बटणं आहेत. मी 'का' लिहायला जे दाबतो तेच ही मशीनमधली बाई बोलतेय."

त्यांनी मग नीट समजावलं. त्या जुन्या पद्धतीत संगणकाच्या पोटात मराठी नसतेच. पोटात इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त त्या फाँटमध्ये 'एच'च्या जागी 'क'चं चित्र काढलेलं असतं. फाँट काढून घेतला की खालचं उघडं पडतं. नवीन पद्धत युनिकोडची. तिच्यात 'क' हा 'क' म्हणूनच साठवला जातो, मग फाँट कुठलाही असो.

"मग याचं त्याच्यात करता येईल?" नम्रतानं विचारलं.

"येईल. माझ्याकडे तक्ता आहे. पण सगळं नाय सुधारणार, आधीच सांगतो."

तासाभरात त्यांनी तीनशे पानं बदलून दिली. नम्रतानं ऐकलं आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद उमटता उमटता थांबला. मशीन म्हणत होतं, 'कायार्लय'. 'वगर्'. 'कमर्चारी'.

"रफार," आंब्रे म्हणाले. "आम्ही रफार अक्षर टाकून झाल्यावर वरून देतो. युनिकोडमध्ये 'र' अक्षराच्या आधी लागतो. तक्त्याला ते कळत नाय. एकेक शब्द शोधून बदलायला लागेल."

निघताना नम्रता दारात अडखळली. "काका, परीक्षेची प्रश्नपत्रिका पण फाइलमध्येच येणार आहे. ती अशी निघाली तर?"

आंब्रे मला म्हणाले, "पोर लांबचा विचार करते." पण तिला त्यांनी परत खुर्चीत बसवलं. म्हणाले, प्रश्नपत्रिका साध्या मजकुराची फाइल म्हणून येईल आणि युनिकोडच असेल, पण तीही बिघडू शकते. त्यांनी एक चांगली फाइल मुद्दाम चुकीच्या पद्धतीनं उघडली. मशीन एकेक अक्षर वाचू लागलं, "ए ग्रेव्ह, करन्सी. ए ग्रेव्ह, येन." म्हणजे टोपीवाला ए आणि पैशाच्या खुणा.

"हे ऐकू आलं तर घाबरायचं नाय. मजकूर आहे तसाच आहे, फक्त संगणक चुकीच्या चष्म्यातून बघतोय. सेव्ह न करता एन्कोडिंग, म्हणजे वाचायची पद्धत, यूटीएफ-८ करायची, सगळं परत येतं." मग त्यांनी तीच फाइल अॅन्सी नावाच्या जुन्या पद्धतीत सेव्ह केली, बंद करून पुन्हा उघडली. मशीन जवळजवळ गप्प. नम्रतानं बाणाचं बटण दाबत एकेक अक्षर ऐकलं. प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह.

"हे आलं तर?" तिनं विचारलं.

"हे आलं तर अक्षरं गेली. त्या फाइलीत आता काय नाय. मूळ फाइल मागायची."

पुढचे तीन आठवडे आम्ही रफार शोधले. जेवणाच्या सुट्टीत मी छापील पुस्तक घेऊन तिच्या खोलीत बसायची, ती मशीन लावायची. चुकीचा शब्द आला की ती थांबवायची, मी बरोबर शब्द सांगायची आणि ती तो सगळ्या फाइलभर बदलायची. चारशेच्या वर शब्द निघाले. तिकडे दिवस संपत होते. अभ्यासाचं पुस्तक तयार होईपर्यंत अभ्यासाला वेळच उरत नाही की काय, असं मला आतून वाटायचं. एकदा एक शब्द बदलता बदलता तिचा हात थांबला. "ताई, नागपूरला मला कोण ओळखतं?" एवढंच म्हणाली आणि पुन्हा बटणं दाबायला लागली.

परीक्षा केंद्राला तिनं अर्ज पाठवला की माझी संगणकावरची प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये असावी आणि कृपया आधी तपासून घ्यावी. उत्तर आलं नाही म्हणून फोन केला. पलीकडचे म्हणाले, "सगळी व्यवस्था आहे, काळजी करू नका." फोन ठेवून ती म्हणाली, "काळजी करू नका म्हणाले. म्हणजे तपासणार नाहीत."

बाजारात चिमाबाई भेटल्या. माझ्या पिशवीत बांगडे टाकता टाकता म्हणाल्या, "बाय, माझी पोर धड जेवत नाय गो. ताट पुढे ठेवलं तरी काय त्या रफाराचंच बोलत बसते. कोण तो रफार? त्याला सांग, सोड म्हणावं तिला."

फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. केंद्र शहरातच होतं. मी तिच्याबरोबर गेले. सकाळचा पेपर व्यवस्थित झाला. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सैल दिसला. आम्ही पोळी-भाजी खाल्ली. दुपारी दोनला ती पुन्हा आत गेली आणि मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. हा नियमांचा पेपर होता, तिला ज्याची खरी धास्ती होती तो.

दहा मिनिटांत केंद्रप्रमुख बाहेर आले. पन्नाशीचे, साधे, घामाघूम झालेले. "तुम्ही त्या बाईंबरोबर ना? जरा आत या."

नम्रता संगणकापुढे ताठ बसली होती. दोन्ही हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवलेले. पडद्यावर ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांच्या. मधे फक्त प्रश्नांचे इंग्रजी आकडे आणि पूर्णविराम शिल्लक होते.

"मशीन नुसते आकडे वाचतंय, ताई," ती म्हणाली. "एक. दोन. तीन. मधे काही नाही. मी अक्षर अक्षर ऐकलं. सगळी प्रश्नचिन्हं."

"छापील पेपर आहे की आपल्याकडे," केंद्रप्रमुख म्हणाले. "आमचा एखादा माणूस वाचून दाखवेल."

"नको सर. मी फॉर्ममध्ये वाचक मागितलेला नाही. आधी मंजुरी नसताना वाचक घेतला तर पेपर बाद होऊ शकतो." हा नियम तिनं चारशे रफार लावलेल्या त्याच पुस्तकात वाचला होता. "सर, ही फाइल सकाळपासून कोणी उघडली होती?"

"मीच. तपासायलाच उघडली. छान दिसत होती हो! फक्त वर केंद्र क्रमांक घातला आणि सेव्ह केली."

"सेव्ह करताना संगणकानं काही विचारलं?"

त्यांनी आठवून पाहिलं. मग म्हणाले, "इंग्रजीत काहीतरी आलं होतं. मी ओके केलं."

"मग अक्षरं गेली, सर. ती आता या फाइलमध्ये नाहीतच. मूळ फाइल जिथून आली तिथून परत घ्या."

फाइल मेलवर आली होती. मेल उघडायला सांकेतिक आकडा लागायचा, तो त्यांच्या सहायकाच्या फोनवर यायचा, आणि सहायक जेवायला गेलेला. फोन वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून पंचवीस झाले. मागच्या रांगेतले परीक्षार्थी खाली मान घालून लिहीत होते, त्यांच्या पानांचा आवाज येत होता. नम्रता तो ऐकत असणार. तिनं बोटांत बोटं इतकी आवळली होती की नखं पांढरी पडली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले आणि काढून घेतला. तिला त्या वेळी कोणी हात लावावा असं तिच्या बसण्यात नव्हतं.

दोन पस्तीसला सहायकानं फोन उचलला. आकडा मिळाला. केंद्रप्रमुखांनी फाइल नव्यानं उतरवली, नम्रताच्या संगणकावर आणली आणि तिथल्या नोटपॅडसारख्या एडिटरमध्ये उघडली. पडद्यावर विचित्र चिन्हं पसरली. टोपीवाले ए, पैशाच्या खुणा, काय काय.

"ही पण गेली!" त्यांचा आवाज चिरकला. हात माऊसकडे गेला.

"सर, थांबा! हात लावू नका!"

इतक्या मोठ्यानं ती बोलली की मागचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. तिनं बाणाचं बटण दाबलं. कान हेडफोनमध्ये. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा.

"ए ग्रेव्ह, करन्सी," ती पुटपुटली. "ए ग्रेव्ह, येन." आणि तिचे खांदे खाली आले. "ही चांगली आहे, सर. हिला काही झालेलं नाही."

"चांगली? अहो, बघा तरी—" म्हणता म्हणता ते थांबले आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले.

"सेव्ह नका करू. ताई, वर एन्कोडिंग असं लिहिलेलं कुठे दिसतं का?"

मी शोधू लागले. डोळे असून मला ते सापडेना. शेवटी वरच्या ओळीत पाचव्या जागी सापडलं. उघडल्यावर खाली लांबलचक यादी आली. मी एकेक नाव वाचत गेले. अॅन्सी. तिनं नकारार्थी मान हलवली. त्याच्याखाली यूटीएफ-८.

"तेच. दाबा."

मी दाबलं. पडदा क्षणभर लुकलुकला आणि मराठी आली. सगळीच्या सगळी. केंद्रप्रमुख खुर्चीत बसले ते बसलेच. नम्रतानं फक्त हेडफोन नीट केला, पहिल्या ओळीवर गेली, ऐकलं आणि म्हणाली, "ताई, आता तुम्ही बाहेर जा. तुम्हाला आत थांबता येत नाही."

सत्तेचाळीस मिनिटं गेली होती. केंद्रप्रमुखांनी तीस मिनिटं वाढवून दिली. "माझ्या अधिकारात एवढंच," असं त्यांनी मला बाहेर येऊन दोनदा सांगितलं. तिचा शेवटचा प्रश्न राहिला. आणखी एक अर्धाच झाला. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "राहिलेला प्रश्न मला येत होता, ताई."

एकतीस मार्चला बोर्ड बंद झाला. तारा काढून नेल्या. निकाल लागला नव्हता, त्यामुळे एप्रिलचे पहिले वीस दिवस ती रिकाम्या खोलीत रिकाम्या टेबलापाशी बसून होती. दारावरून कोणी गेलं की मान वर करायची. साहेबांच्या शिपायाची चप्पल वाजली की उभीच राहायची. मी रोज चहा घेऊन जायची आणि आम्ही मुद्दाम दुसरंच काहीतरी बोलायचो, हापूस कसा आला, तिच्या भावाचं लग्न कुठे ठरतंय.

निकाल एकवीस तारखेला आला. पासला पन्नास गुण लागत होते. सकाळच्या पेपरात ती सहज पास होती आणि नियमांच्या पेपरात तिला चोपन्न मिळाले. मी धावत सांगायला गेले, तर तिनं विचारलं, "कुठे बघितलंत? कागदावर की फाइलमध्ये?" कागदावर, सही-शिक्क्यासकट, असं म्हटल्यावर मग ती रडली.

आता ती आवक विभागात आहे. आलेली पत्रं संगणकावर नोंदवते. तिच्याकडे आलेली प्रत्येक फाइल ती आधी पहिली ओळ ऐकूनच ठेवून घेते, आणि ओळ बिनसलेली निघाली की पाठवणाऱ्याला तिथल्या तिथे फोन जातो. लोक कंटाळतात थोडे. कंटाळू देत.

परीक्षा घेणाऱ्या कार्यालयाला तिनं मेमध्ये एक पत्र लिहिलं. तक्रार नव्हती. पुढच्या खेपेला कोणी दृष्टिहीन उमेदवार आला तर फाइल कशी पाठवावी, कशी उघडावी, काय दाबू नये, हे दीड पानात साध्या भाषेत. त्यात केंद्रप्रमुखांचं नाव घातलं नाही. जूनच्या अखेरीस उत्तराची मेल आली. तिनं जोडलेली फाइल उघडली आणि मला हाक मारली.

"ताई, हे कोरं पान आहे का बघा."

कोरं नव्हतं. त्यांनी टंकलिखित पत्राचा फोटो काढून पाठवला होता. फोटो तिच्या मशीनला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं, "आपल्या सूचनांची नोंद घेण्यात आली आहे."

"अजून एकदा वाचा," ती म्हणाली, आणि मी वाचत असताना तिनं ते पत्र जावक क्रमांकासह, तिच्या मशीनला वाचता येईल असं, शब्दन् शब्द टाइप करून घेतलं.